दोन्ही उजवे

रविवारी दुकानाचं शटर खाली असायचं, पण दोघे म्हातारे आपापल्या जागी हजर. देवाच्या दाराला सुट्टी नसते, तशी त्यांच्या बाकालाही नव्हती. खिडकीच्या अंगाला आबा, भिंतीच्या अंगाला नाना, दोघांच्या मध्ये कातड्याचे तुकडे, मेणवलेला दोरा, आऱ्या, रापी, आणि एक तीन पायांचं स्टूल.

जोडातला उजवा बूट आबांनी करायचा आणि डावा नानांनी, ही वाटणी त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली. "एका पायाचा बूट कोणी विकत घेत नाही," असं म्हातारा म्हणायचा. "भांडाल खूप, पण सुटाल कसे?" माणूस मोठा लांबचं बघणारा. भांडण झालंच, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत सख्खे भाऊ एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. आणि या अकरा वर्षांत दुकानातून एकही जोड असा बाहेर पडला नव्हता, ज्याचा डावा उजव्याला शोभत नाही.

ते पुण्य स्टुलावर बसणारीचं.

"मधले!" आबांनी हाक मारली, जरी ती हातभर अंतरावर बसली होती. "त्या गाढवाला सांग, डॉक्टरांच्या डाव्या बुटाची टाच उंच झालीय. डॉक्टर काय पायरीवर एक पाय ठेवून आयुष्य काढणार आहे?"

मधली डावीकडे वळली. "नाना, आबा म्हणतात टाच सूतभर उतरवली, तर जोड फार सुंदर दिसेल."

नानांनी बूट डोळ्यांसमोर धरला. "त्याला सांग, टाच जागेवर आहे. त्याच्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, तो काढून ये म्हणावं."

मधली उजवीकडे वळली. "आबा, नाना आत्ता उतरवतात म्हणाले. आणि डोळ्यांना जपा म्हणाले."

"हं," आबा म्हणाले.

"हं," नानाही म्हणाले, आणि त्यांनी रापीने टाचेचा एक पापुद्रा काढला. बरोबर सूतभर.

आबांच्या तीन नातींतली मधली म्हणून ती मधली. थोरली लग्न होऊन गेलेली, धाकटी वसतिगृहात शिकत होती. नवव्या वर्षापासून ती या स्टुलावर बसत आलेली, आणि विसाव्या वर्षी गावच्या व्यावसायिक फुटबॉल संघात तिची जागाही मधल्या फळीतच. एकीकडून आलेला चेंडू घ्यायचा आणि दुसरीकडे द्यायचा, तोही डाव्या पायाने, कारण देवाने तिला तोच पाय शहाणा दिला होता. देशातल्या पहिल्या चार संघांपैकी एकाने तिला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. तिथल्या प्रशिक्षक बाईंनी पत्रात एकच ओळ स्वतःच्या हाताने लिहिली होती: 'तुझ्याकडे चेंडू रागाने येतो आणि शहाणा होऊन पुढे जातो. हे कुठे शिकलीस?'

करारावर सही करून आज दुपारी चारच्या आत पाठवायची होती. आणि मधलीने अजून पेनाचं टोपणही काढलेलं नव्हतं.

*

दुकानातून वर जायला चौदा पायऱ्या. वर स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात घरातली सगळ्यात लांब वस्तू, जेवणाचं टेबल. अकरा वर्षांपूर्वी या टेबलाला बाजू होत्या. आता टोकं होती. एका टोकाला आबा जेवायचे, दुसऱ्याला नाना, आणि भाजीचं भांडं मधलीच्या पुढ्यात ठेवायचं, असा शिरस्ता.

आत्या, म्हणजे आबांची मुलगी, लाल पेन घेऊन कराराची आठ पानं तपासत होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि हाती आलेला कुठलाही कागद तपासल्याशिवाय खाली ठेवायची नाही.

"कलम सहामध्ये 'विश्रांती' शब्द दोनदा चुकलाय," ती म्हणाली. "बाकी ठीक. राहायला खोली, आठवड्यात एक दिवस सुट्टी, दुखापत झाली तर उपचार त्यांचे."

"गुडघा?" आईने विचारलं. ती रुग्णालयात परिचारिका होती आणि माणसांकडे सांध्यासांध्याने बघायची.

"गुडघाही त्यांचाच, वहिनी. तीन वर्षं."

"मग माझी ना नाही. पण पोरीला विचारलंस का? कालपासून धड जेवली नाही."

आत्याने मान वर केली. मधली खिडकीत उभी राहून खालच्या रस्त्याकडे बघत होती. आत्याच्या डोक्यात आकडे आपोआप जुळायचे: सव्वीस सामने, चौदा वेळा हिने दिलेल्या चेंडूवर दुसरीने गोल केलेला, हिचा स्वतःचा गोल शून्य. पेपरात कोणीतरी त्या शून्याची चेष्टा केली होती. आत्याने संपादकाला पत्र धाडलं होतं की, शून्य सुरुवातीला लिहिलं तर फुकट असतं, पण मध्ये असलं तर ते काढून बघा, आकडा कुठल्या कुठे येतो.

पत्र छापलं नव्हतं. पण म्हणणं खरं होतं.

तेवढ्यात आबा वर आले. हात पुसत, कोणाकडेही न बघता त्यांनी जाहीर केलं, "जायचं नाही. तिकडे तिचं कोण आहे?"

त्यांच्या मागून सहा पायऱ्यांचं अंतर ठेवून नाना आले. "मधले, सांग त्याला, मी सकाळीच 'हो' म्हटलंय. पोरीला जाऊ दे म्हणावं. सगळ्यांनीच काय एका बाकावर जन्म काढायचा?"

मधली वळली. दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "आबा, नाना म्हणतात, तुमचा विचार झाला की सावकाश सांगा."

"झालाय. नाही."

आजी चुलीजवळ, म्हणजे गॅसजवळ, ओठातल्या ओठात देवाचं नाव घेत होती. नाव न थांबवता ती एवढंच म्हणाली, "एकाने हो म्हटलं म्हणून दुसऱ्याचं नाही. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय."

त्या वाक्याने आत्याच्या डोक्यात दिवा लागला. कोडं सोपं होतं! चिन्ह बदललं की झालं.

*

"काय सांगतेस?" नाना मोरीच्या दाराशी उभे होते, हातावर साबण. "मी 'नाही' म्हणू? पोरीच्या तोंडावर?"

"खोटं खोटं, काका. तुम्ही 'नाही' म्हणालात की आबा 'हो' म्हणतील. चुटकीसरशी."

"आणि रविवारच्या दिवशी खोटं बोललेलं देवाला काय सांगू?"

"देवाला सांगा, पुतणीने बोलायला लावलं. माझ्या खात्यावर घाला."

नाना हसले आणि आत्या उड्या मारत गेली. साबण धुताना त्यांना आपला अंगठा दिसला. त्यावर ताजी चीर होती. गेल्या चाळीस वर्षांत त्यांना आरी लागली नव्हती, पण गेल्या महिन्यात चारदा लागली.

गोष्ट अशी. मधली नऊ वर्षांची असताना प्रशिक्षकांनी तिला संघात घेतलं आणि घरात ठरलं की तिचे पहिले बूट दुकानातच व्हायचे. आबा म्हणाले, "पोरगी डाव्या पायाची. तेव्हा या जोडातला डावा मी करणार." नाना म्हणाले, "डावा माझा. पस्तीस वर्षं माझा आहे." शब्दाने शब्द वाढत गेला आणि आबा भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, म्हणून गेले: "डावा तो डावाच! म्हणून तर वडिलांनी तुला दिला."

बस्स. ते बूट झालेच नाहीत. मधली बाजारातले घालून मोठी झाली.

आता पोरगी चालली होती. मोठ्या मैदानात, घरचा बूट पायात नसताना? गेल्या महिन्यात रोज दुपारी आबा वामकुक्षी करत असताना नाना गुपचूप बाकावर बसले. मधली आंघोळ करून निघाली की फरशीवर तिचं ओलं पाऊल उमटायचं. त्यावरून त्यांनी माप घेतलं आणि लाकडाचं नवं कलबूत, म्हणजे बूट ज्यावर चढवतात तो पायाचा साचा, स्वतः कोरलं. आणि केला तो उजवा. आयुष्यातला पहिला उजवा! हात सारखा उलट्या दिशेला जायचा, आरी अंगठ्यात शिरायची. पण डावा त्यांनी सोडला होता. 'थोरला आहे, करू दे त्याला. डाव्यासाठी एवढा जीव टाकत होता, घे म्हणावं.'

हे मधलीकरवी सांगता येत नव्हतं, कारण भेट तिच्यासाठीच होती. आणि दुसरा निरोप्या त्या घरात नव्हता.

*

रविवारचं जेवण उशिरा; तीन वाजता सगळे जेवायला बसले. आबांचा घास तोंडात फिरत होता, पण लक्ष कपाटाकडे होतं. खाली दुकानात त्यांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते काय, हे फक्त आबांना आणि देवाला ठाऊक.

आबा मनातून कधीच 'हो' म्हणून बसले होते. नसते, तर पहाटे साडेचारला उठून महिनाभर बाकावर कोण बसलं असतं? मधलीने टाकून दिलेला फाटका बूट त्यांनी कचऱ्यातून काढून आणला, त्याच्या आत हात घालून तिच्या बोटांच्या खुणा चाचपल्या. मोठेपणी माणसाला एक गोष्ट कळते, पण ती बोलायला तोंड धजत नाही. आबांचं तसं झालं होतं. अकरा वर्षं एक वाक्य त्यांच्या घशात काट्यासारखं अडकलेलं, 'डावा तो डावाच'. ते परत घेता येत नव्हतं. म्हणून त्यांनी नेहमीसारखा उजवा केला, आणि डावा धाकट्यासाठी सोडला. 'त्याचा होता, त्याचाच राहो. पोरीचा तोच पाय चालतो, तर बूट त्याच्याच हातचा शोभेल.'

पण आज सकाळी धाकट्याने आधी 'हो' म्हटलं. त्याच्या मागून आपण 'हो' म्हणायचं, म्हणजे थोरलेपणाला काही अर्थ?

"मधले," नाना टेबलाच्या टोकावरून मोठ्याने म्हणाले. आवाज असा, जणू शाळेत पाठ केलेलं म्हणतायत. "त्याला सांग, मी विचार बदलला. पोरीला पाठवू नये. लांब आहे. थंडी आहे. आणि... आणि पाणीही वेगळं."

आईचा हात भाताच्या भांड्यावर थांबला. आत्याने चेहरा पापडासारखा सपाट केला.

मधलीने तोंड उघडायच्या आधीच आबांनी टेबलावर मूठ आपटली. "पाणी वेगळं? पोरगी काय मासा आहे? मधले, सांग त्याला, ती जाणार! मी सांगतो म्हणून जाणार!"

"मग झालं तर!" नाना आनंदाने ओरडले. आणि मग आपण कोणत्या बाजूला आहोत हे आठवून त्यांनी तोंडावर हात घेतला.

आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, अर्धा मिनिट तरी दम धरायचा होता."

आबांनी आत्याकडे पाहिलं, मग हवेत, मग पुन्हा आत्याकडे. "म्हणजे हे ठरवून चाललं होतं?"

"ठरवून चाललं होतं, पण निकाल खरा लागला," आजी म्हणाली. "अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालंय. अन्न थंड होतंय ते होऊ दे, मला जरा बघू दे."

एकमत झाल्यावर पुढे काय करायचं असतं, हे त्या घरात कोणालाच आठवत नव्हतं. सगळे मधलीकडे बघू लागले.

आई हळूच म्हणाली, "मग आता अडलंय कुठे, बाळा?"

*

मैदानात चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचं, हे तिला प्रशिक्षकांनी शिकवायची गरज पडली नव्हती. कोण कुठे उभं आहे, कोणाचा तोल गेलाय, कोणाला आत्ता चेंडू दिला तर तो पडेल, हे तिला घरातच कळायचं. चेंडू पायात ठेवायचा नाही, आला की द्यायचा. ठेवला की दोघे दोन बाजूंनी अंगावर येतात.

आताही तिने सवयीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"मधले," आबा म्हणाले, "त्याला विचार, त्याच्या मनातून खरंच..."

"नाही विचारणार."

"ऐकू नाही आलं?"

"आलं. तुम्हीच विचारा, आबा. समोरच बसलेत. टेबल काही समुद्र नाही."

आजीचं नामस्मरण थांबलं.

चेंडू आता तिच्याच पायात होता आणि द्यायला कोणी नव्हतं. "मला जायचंय," ती म्हणाली. "जायचंय म्हणजे इतकं जायचंय की रात्री पाय आपोआप हलतात. त्या बाईंचा तीनदा फोन आला. तीनदा मी म्हटलं, घरी विचारते. आणि घरी विचारलंच नाही; पत्र घरी आलं म्हणून तुम्हाला कळलं. भीती वाटली, तुम्ही हो म्हणाल."

"हो म्हणू, याची भीती?" आईने विचारलं.

"हो म्हटलंत की जावं लागणार. आणि मी गेल्यावर गुरुवारी सकाळी त्या स्टुलावर कोण बसणार? शिवणीत दोन कातडी दिसतात ना, दोरा दिसत नाही. तो काढल्यावर कळतो. आठ दिवसांत डावा एका मापाचा होईल, उजवा दुसऱ्या. महिन्यात दुकानाला कुलूप. मी तिकडे खेळत असेन आणि इकडे..." तिने नाक ओढलं. "आणि अजून एक सांगायचंय. तुमचे निरोप मी कधीच होते तसे दिले नाहीत. आबा गाढव म्हणायचे, मी सुंदर म्हणायचे. अकरा वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलतेय."

तिला वाटलं, आता टेबल उलटणार.

नानांनी पाण्याचा घोट घेतला. "माहीत आहे."

"काय?"

"अगं, माझा भाऊ जन्मात कधी 'सुंदर' म्हणाला नाही. मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हासुद्धा 'ठीक आहे' एवढंच म्हणाला."

"ती 'ठीक आहे' म्हणजे मीच," आजी म्हणाली.

आबांनी ताटाकडे बघत मान हलवली. "आणि माझ्या डोळ्यांना जपा म्हणायला तो काय माझी आई आहे? कळायचं मला. पहिल्या दिवसापासून."

"मग ऐकून का घ्यायचात?"

आबांनी ताटातला भात एका कडेला सारला. मग म्हणाले, "बरं वाटायचं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नानांनी डोळे पुसले आणि कांदा नसतानाही कांद्याला नावं ठेवली.

*

आबा उठले. "थांबा," म्हणाले आणि जिना उतरले. ते दिसेनासे झाल्यावर नानाही उठले. "थांबा," तेही म्हणाले.

"कुठे चाललेत दोघं?" आईने विचारलं.

"एकाच ठिकाणी, पण वेगवेगळे," आत्या म्हणाली.

खालून कपाटांची दारं वाजली, आधी एक, मग दुसरं. दोघे वर आले ते पाठोपाठ, मध्ये फक्त एकच पायरी सोडून. दोघांच्या हातात वर्तमानपत्राची पुडकी.

"बुधवारी निघशील," आबा मधलीला म्हणाले. "रिकाम्या पायांनी कशी पाठवू?" त्यांनी पुडकं सोडलं. आतून काळाभोर, मऊ, तळाला स्टड लावलेला बूट निघाला. "उजवा. डावा मी मुद्दाम केला नाही. तो... ज्याचा आहे त्याने करावा."

नानांच्या हातातलं पुडकं हातातच राहिलं.

"काका? उघडा ना," आत्या म्हणाली.

नानांनी कागद उलगडला. काळाभोर, मऊ, तळाला स्टड. नानांनी तो आबांच्या बुटाशेजारी ठेवला. दोन्ही बुटांचे अंगठे एकाच दिशेला वळले होते.

आत्याने मोजून पाहिलं, जणू मोजल्यावर उत्तर बदलेल. "उजवा... आणि उजवा."

"डाव्या पायाची पोरगी," आई म्हणाली, "आणि तिच्यासाठी दोन उजवे बूट!"

आजीने पदर तोंडाला लावला, पण हसू पदरात मावलं नाही. "जन्मभर डावं-उजवं करत भांडलात," ती म्हणाली, "आणि आज देवाने काय दिलं? दोन्ही उजवे!" आणि मग कोणालाच आवरेना. आत्या करारावर डोकं ठेवून हसत होती, आई भिंतीला टेकली होती, आणि मधली एका पायात आबांचा उजवा आणि दुसऱ्या पायात नानांचा उजवा घालून बदकासारखी टेबलाभोवती चालत होती.

आबा मात्र हसत नव्हते. मधलीने बूट काढल्यावर त्यांनी नानांचा उजवा उचलला. उजेडात नेला. शिवणीवरून बोट फिरवलं, टाके मोजले, आतली टाचेची गादी दाबून पाहिली. अंगठ्याजवळ कातडी इतकी अलगद वळवली होती की घडी कुठे घातली ते सापडत नव्हतं. मग त्यांनी धाकट्या भावाच्या अंगठ्यावरच्या चिरा पाहिल्या.

"मधले," ते सवयीने म्हणाले. "त्याला सांग..."

मधलीने दोन्ही हात वर केले, मैदानात चेंडू आपला नाही हे सांगायला करतात तसे.

आबांनी घसा साफ केला. अकरा वर्षं न वापरलेलं दार उघडताना बिजागरी वाजते, तसा आवाज आला.

"अरे," ते म्हणाले. "तुझा उजवा माझ्यापेक्षा उजवा झालाय."

नाना खुर्चीत बसले.

"पहिलाच आहे," ते म्हणाले. "दादा, पहिलाच केला."

"दिसतंय. टाच उंच झालीय."

"मोतीबिंदू काढ आधी, मग टाच बघ."

"गाढवा, डोळे बंद करून सांगतो, सूतभर उंच आहे!"

मधलीने सवयीने श्वास घेतला, गाढव सुंदर करायला. पण कोणी तिच्याकडे बघतच नव्हतं.

*

पुढचं सगळं घाईत झालं. डावा बूट व्हायचा, तर डाव्याचं माप हवं. ओल्या पावलाचं नको, फाटक्या बुटाचं नको, नीट माप. आबांनी हाताला लागला तो कागद जमिनीवर पसरला, नानांनी पेन्सिल काढली, मधलीने त्यावर डावं पाऊल ठेवलं. टाचेपासून करंगळीपर्यंत नानांनी रेघ ओढली, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आबांनी, आणि पेन्सिल कोणी कुठे सोडायची यावरून त्यांचं आणखी एक छोटं भांडण झालं. सोबतीचं.

"झालं!" आबांनी कागद उचलून नाचवला.

आत्याने तो पाहिला आणि किंचाळली. "आबा! हे कराराचं शेवटचं पान आहे!"

खरंच. शेवटच्या पानावर छापलेलं असं फारसं नव्हतं. मधोमध सहीची एक रेघ, आणि तिच्याभोवती आता एक आख्खं डावं पाऊल.

घड्याळात चारला सात मिनिटं होती. दुसरं पान कुठून आणणार? मधलीने पेनाचं टोपण काढलं. वर बघून, मग डावीकडे, मग उजवीकडे बघून, तिने पावलाच्या ऐन मध्यावर सही केली. आत्याने फोनवर फोटो काढून पाठवला. चारला दोन मिनिटं असताना उलटा फोन आला. संघाचे चिटणीस होते.

"सही पोचली, अभिनंदन," ते म्हणाले. "पण सहीच्या भोवती ते पायासारखं काय आहे? काही नवी पद्धत आहे का?"

"आमच्याकडे जुनीच आहे," आत्या म्हणाली. "माप घेतल्याशिवाय आम्ही काही पाठवत नाही."

पान खाली दुकानात गेलं, कारण मापाशिवाय बूट कसा होणार, आणि दोघे म्हातारेही त्याच्यामागून गेले. डावा कोणी करायचा हे ठरायचं होतं. नाना म्हणत होते, दादा तू कर. आबा म्हणत होते, तुझा आहे, तू कर. अकरा वर्षांपूर्वी 'माझा' म्हणून जेवढा आवाज चढला होता, तेवढाच आता 'तुझा' म्हणून चढला होता. शेवटी काय ठरलं ते कळलं नाही. पण एकाच बुटाला दोन बाजूंनी दोन राप्या लागल्याचा आवाज येत होता, आणि त्यातून शब्द: तळ जाड झाला, जाड असायलाच हवा, तुला काय कळतं, वडील असते तर, वडिलांनी तुलाच बदडलं असतं.

वर मधली जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती, हाकेची वाट बघत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हाक आली नाही. तिला चुकल्यासारखं वाटलं, आणि मग पायांतून काहीतरी हलकं हलकं वर आलं. तिने अनवाणी डावा पाय पुढे केला आणि समोर काहीही नसताना, मन भरून एक लाथ हाणली.

तेवढ्यात खालून असा काही आरडाओरडा झाला की भांडी वाजली.

"हळू बोला!" आजी ओरडली, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. हे वाक्य तिने अकरा वर्षांत उच्चारलं नव्हतं. ती मधलीकडे वळली. "जा गं, जरा खाली जाऊन गप्प कर त्यांना."

"मी नाही बाई," मधली म्हणाली. "मी बुधवारी चालले."